अमानत आणि राखणदार

अमानत हा शब्द आपल्या घरांत पूर्वी ठरावीक वस्तूंसाठी वापरला जाई. हजला निघालेल्या शेजारणीने ठेवायला दिलेले दागिने, कुवेतला गेलेल्या भावाने जमिनीच्या व्यवहारासाठी पाठवलेली रक्कम, जमातीच्या निधीची पेटी. वस्तू डोळ्यांना दिसत असे, हाताला लागत असे, आणि धन्याला परत केली की राखणदार मोकळा होत असे. गेल्या पंधरा-वीस वर्षांत मात्र आपल्या घरांत एक वेगळी अमानत येऊन बसली आहे. तिच्यात आजोबांचे खरेदीखत आहे, निकाहनामे आहेत, मुलांचे शाळा सोडल्याचे दाखले आहेत, लग्नांचे फोटो आहेत, आणि हयात नसलेल्या आईचा मोबाइलवर राहून गेलेला आवाजही आहे. हे सारे एका हार्ड डिस्कवर मावते. ती डिस्क ज्याच्या हाती असते तो बहुधा घरातला कॉम्प्युटर कळणारा तरुण. त्याला कुणी राखणदार म्हणून नेमलेले नसते. “त्याला त्यातले कळते” एवढ्या एका वाक्यावर सगळ्या खानदानाची आठवण त्याच्या स्वाधीन झालेली असते.

पनवेलला मुसलमान नाक्याच्या बाजूला राहणारे एक कुटुंब माझ्या ओळखीचे आहे. तीन भाऊ, एक बहीण. थोरला पनवेलात, मधला कुवेतला, धाकटा महाडला. बहीण सासरहून परत येऊन आता थोरल्याकडेच राहते. २०१९ च्या ३१ ऑगस्टला आसामची नागरिक नोंदवही जाहीर झाली आणि एकोणीस लाखांहून अधिक माणसे तिच्याबाहेर राहिली, तेव्हा आपल्याकडे घरोघर ट्रंका उघडल्या गेल्या. या घरातही उघडली. पनवेलची नगरपालिका १८५२ सालची, म्हणजे नोंदी जुन्या सापडतील असा लोकांना भरवसा असतो. पण प्रश्न नोंद सापडण्याचा नसतो, नावाचा असतो. एका कागदावर महंमद, दुसऱ्यावर मोहम्मद, तिसऱ्यावर नुसते ‘मो.’. आजोबांचे दोन कागद मोडी लिपीत, घरात वाचता येणारा कुणी नाही. वाळवीने एका खरेदीखताची कड खाल्लेली. तेव्हा थोरल्याच्या मुलाने सगळे कागद स्कॅन केले आणि त्यांच्या जोडीला घरातले सारे अल्बमही.

पुढे त्याने घरातच एक छोटा सर्व्हर बसवला. जेवणाच्या डब्याहून थोडी मोठी पेटी, आत चार टीबीच्या दोन डिस्क, एकीवर जे लिहिले जाते तेच त्याच वेळी दुसरीवर. २६ जुलै २००५ चा पाऊस पनवेलकर विसरलेले नाहीत, म्हणून पेटी तळमजल्यावर न ठेवता वरच्या मजल्यावर ठेवली. वीज गेली तर पेटी नीट बंद होण्याइतका वेळ मिळावा म्हणून यूपीएस जोडला. तीस वॅटच्या आसपास वीज खाणारे यंत्र चोवीस तास चालले तर महिन्याला सुमारे बावीस युनिट होतात. तेवढा खर्च थोरल्याने आनंदाने उचलला. कुवेतहून भाऊ फोटो पाठवी, महाडहून धाकट्याची मुले गाण्याच्या स्पर्धेचे व्हिडिओ टाकीत. सर्वांना वाटले, आता काही हरवणार नाही.

हे वाटणे अर्धेच खरे आहे. दोन डिस्क म्हणजे दोन प्रती असे घरातले सगळे समजत होते. एक डिस्क बिघडली तर दुसरी उपयोगी पडते, एवढेच ते संरक्षण. एखाद्या मुलाने चुकून फोल्डर पुसला तर तो दोन्हींवरून एकाच क्षणी पुसला जातो. विजेचा झटका बसला, चोरी झाली, पाणी शिरले, तर दोन्ही एकदमच जातात. या विषयातल्या जाणकारांचा एक साधा नियम आहे: प्रती तीन असाव्यात, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात, आणि त्यांतली एक दुसऱ्या जागी असावी. पेटी ही त्यांतली एकच प्रत.

हा नियम आपल्याला परका वाटू नये. यमामाच्या लढाईत कुरआन मुखोद्गत असलेले पुष्कळ सहाबी शहीद झाले, तेव्हा हजरत उमर (रजि.) यांना काळजी वाटली की अशीच आणखी माणसे गेली तर काय. त्यांच्या आग्रहावरून खलिफा हजरत अबू बक्र (रजि.) यांनी हजरत जैद बिन साबित (रजि.) यांच्याकडे संकलनाचे काम सोपवले. खजुराच्या झावळ्या, चपटे दगड, माणसांची स्मरणशक्ती, जिथे जिथे काही होते तिथून ते गोळा झाले. पुढे हजरत उस्मान (रजि.) यांनी त्यावरून प्रती तयार करवून वेगवेगळ्या शहरांना पाठवल्या. छातीत एक, कागदावर एक, दूरच्या शहरात एक. अल्लाहने ज्या ग्रंथाच्या रक्षणाचे वचन दिले त्याच्यासाठीही माणसांनी हात जोडून बसणे पसंत केले नाही. कुरआनातली सर्वांत लांब आयत कर्जाचा व्यवहार लिहून ठेवावा आणि त्याला साक्षीदार असावेत या विषयावर आहे, हेही इथे आठवावे. विश्वास आहे म्हणून कागद नको, असे आपला दीन म्हणत नाही.

मग तिसरी प्रत ठेवायची कुठे? इथून प्रश्न तांत्रिक राहत नाही.

पनवेलच्या लोकांना यासाठी फार लांब जावे लागत नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या बाजूला, पनवेलच्या हद्दीवर, योट्टा कंपनीचे एनएम-वन हे डेटा सेंटर जुलै २०२० मध्ये सुरू झाले. सुमारे ७,२०० रॅक सामावण्याची त्याची क्षमता सांगितली जाते. साऱ्या देशाची माहिती ठेवणारी इमारत आपल्याच गावाजवळ उभी, आणि मोहल्ल्यातला मुलगा वरच्या मजल्यावर दोन डिस्क सांभाळत बसलेला. हा वेडेपणा आहे काय, असे थोरल्याच्या एका मित्राने विचारले होते. महिन्याला थोडे पैसे भरा आणि सगळे मोठ्या कंपनीच्या हवाली करा.

वदीअत, म्हणजे ठेव, या विषयावर आपल्या फुकहांनी फार बारीक विचार केलेला आहे. फतवा देण्याचा अधिकार मला नाही. पण वाचण्याचा आहे. हनफी मताच्या ‘हिदाया’त म्हटले आहे की राखणदाराने ठेव स्वतः सांभाळावी किंवा घरच्या माणसांकरवी सांभाळावी; परक्याच्या हाती दिली आणि ती बुडाली तर भरपाई त्याच्यावर. आपण कोकणी शाफई. शाफई मत याहून कडक आहे. पण ‘हिदाया’त लगेच अपवादही दिला आहे: घराला आग लागली तर ठेव शेजाऱ्याच्या हाती देता येते, नाव बुडू लागली तर दुसऱ्या नावेत फेकता येते. आठशे वर्षांपूर्वी लिहिलेला हा अपवाद मला कोकणातल्या पावसाळ्यासाठीच लिहिल्यासारखा वाटतो.

मोठ्या कंपनीविरुद्ध माझे म्हणणे एवढेच की ती राखणदार नाही, ती भाड्याने जागा देणारी आहे. जून २०२१ पासून गूगलने फोटोंसाठीची अमर्याद फुकट जागा बंद केली. डिसेंबर २०२३ पासून दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती पुसायला सुरुवात झाली. माणूस मेल्यावर त्याचे खाते कोण वापरणार? आणि इमारत मोठी म्हणून ठेव सुरक्षित, हेही खरे नाही. मार्च २०२१ मध्ये फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्ग शहरात ओव्हीएच कंपनीची एक इमारत जळाली आणि ज्यांची दुसरी प्रत नव्हती त्यांचे सारे गेले. सप्टेंबर २०२५ मध्ये दक्षिण कोरियातल्या देजॉन इथे सरकारी केंद्राला आग लागली. सरकारी कर्मचाऱ्यांच्या कामाचा ८५८ टीबी साठा नष्ट झाला, कारण तो फार मोठा आहे म्हणून त्याची बाहेर प्रतच ठेवलेली नव्हती. एवढ्या पुढारलेल्या देशाने वरच्या मजल्यावरच्या पेटीसारखाच विचार केला होता.

तरीही घराबाहेर काही ठेवायचेच नाही, हा हट्ट मला पटत नाही. कुलूपबंद पेटी शेजाऱ्याकडे ठेवली आणि किल्ली आपल्याकडे राहिली, तर शेजारी फक्त वजन सांभाळतो. साठा आधी सांकेतिक रूपात बंद करून मग बाहेर पाठवण्याची सोय आज फुकट मिळणाऱ्या साधनांतही आहे. या कुटुंबाने शेवटी तशी एक कुलूपबंद डिस्क कुवेतच्या भावाकडे ठेवली. पहिला विचार महाडचा होता. पण पनवेल आणि महाड एकाच पावसात भिजतात. २००५ मध्ये भिजले. जुलै २०२१ मध्ये महाड बुडाले, आणि तिकडे चिपळूणमध्ये लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराच्या कपाटांत पाणी शिरले. जून २०२० च्या निसर्ग वादळाने रायगडच्या किनारपट्टीला कित्येक दिवस अंधारात ठेवले. दुसरी जागा म्हणजे दुसऱ्या आभाळाखालची जागा, हे शहाणपण त्या मुलाला त्याच्या दादीने दिले, कोणत्याही पुस्तकाने नाही.

शाफई मताच्या इमाम नववींच्या ‘मिन्हाज’मध्ये ठेवीच्या प्रकरणात एक तपशील आहे, तो मला फार आवडतो. ठेव म्हणून लोकरीचे कपडे आले असतील तर राखणदाराने ते वाऱ्यावर धरले पाहिजेत, नाहीतर त्यांना कसर लागेल. म्हणजे ठेव नुसती पेटीत बंद करून ठेवली की कर्तव्य संपले असे नाही. डिस्कवरचा मजकूरही पडून पडून खराब होतो. एखादा फोटो वर्षांनी उघडला तर अर्धा राखाडी निघतो. म्हणून सगळा साठा ठरावीक काळाने वाचून तपासावा लागतो, आणि प्रतीवरून खरोखरच मजकूर परत मिळतो का हे करून पाहावे लागते. लोकर उन्हाला घालण्याचेच हे काम. ते रटाळ आहे, त्याचे कौतुक कुणी करत नाही, आणि राखणदार खरा की नावाचा हे तिथेच कळते.

आता सर्वांत नाजूक गोष्ट. पेटी चालवणाऱ्याला सगळे दिसते. चुलत बहिणीचे फोटो, चाचाचे आजारपणाचे रिपोर्ट, कुणाच्या कर्जाचे कागद. सरकारचा वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. पण घरगुती कामासाठी एखाद्या व्यक्तीने हाताळलेल्या माहितीला तो कायदा लागूच होत नाही. कायदा उंबरठ्यावर थांबतो. कुरआनची शिकवण मात्र उंबरठा ओलांडून आत येते. दुसऱ्याच्या घरात परवानगीवाचून जाऊ नका, एवढ्यावर ती थांबत नाही. दिवसातल्या तीन वेळा अशा आहेत की घरातल्या लहान मुलांनीही खोलीत येताना विचारावे, असे ती सांगते. दुसऱ्याच्या गुप्त गोष्टी शोधत फिरू नका, हेही तिथेच आहे. किल्ली हातात असणे म्हणजे परवानगी असणे नव्हे. म्हणून प्रत्येकाचा फोल्डर प्रत्येकाच्या पासवर्डने बंद असावा आणि चालवणाऱ्यालाही तो उघडता येऊ नये, अशीच रचना करणे मला योग्य वाटते. मुलगा सज्जन आहे, हे उत्तर पुरेसे नाही. सज्जन मुलाला मोहाच्या समोर वर्षानुवर्षे बसवून ठेवणे हाही त्याच्यावर अन्यायच आहे.

पण मग तो मुलगा उद्या नसला तर? मोटरसायकलवरून कळंबोलीच्या सर्कलला रोज जाणारी मुले आपल्या घरांत आहेत. ‘मिन्हाज’चा हुकूम असा की राखणदार गंभीर आजारी पडला तर त्याने ठेव मालकाला परत करावी, ते जमत नसेल तर तिच्याविषयी वसियत करावी, न केल्यास ठेवीची जबाबदारी त्याच्यावर येते. ज्याच्याजवळ वसियत करण्याजोगे काही आहे त्याने ती लिहून ठेवल्याशिवाय दोन रात्रीही जाऊ देऊ नयेत, ही हदीस आपल्याला पाठ आहे. पण पासवर्ड हे वसियतीचे द्रव्य आहे असे कुणाच्या मनात येत नाही. आपल्या समाजात जमिनीची वसियत लिहायलाही माणसे अशुभ म्हणून कचरतात, तिथे हे कोण लिहिणार! या घराने एक लिफाफा बंद करून दोघांच्या सह्या घेतल्या आणि दादीच्या कपाटात ठेवला. मला ही पद्धत कुठल्याही कंपनीच्या सोयीपेक्षा भरवशाची वाटते.

इथवर जपण्याविषयी झाले. ज्या प्रसंगामुळे या घराने मला सल्ला विचारला तो पुसण्याविषयीचा होता.

बहिणीने खुला घेतला. नऊ वर्षांचा मुलगा तिच्याजवळ आहे. तिने भाच्याला सांगितले, माझ्या लग्नाचे सगळे फोटो पेटीतून काढून टाक, मला कुणाच्या मोबाइलवर नवरी म्हणून दिसायचे नाही. भाच्याची पंचाईत झाली. कुवेतचा मामू म्हणाला, त्याच लग्नात अब्बांचे शेवटचे फोटो आहेत. एकट्या तुझे नाहीत ते, खानदानाचे आहेत. थोरला गप्प राहिला. महाडचा म्हणाला, राहू देत, कोण बघायला बसलंय. हा शेवटचा युक्तिवाद आपल्या घरांत सर्वांत जास्त चालतो, आणि मला तो सर्वांत वाईट वाटतो. कारण जिची गोष्ट आहे ती सांगते आहे की तिला त्रास होतो, आणि आपण तिला सांगतो की होत नाही.

माझे मत बहिणीच्या बाजूने पडले. दुसऱ्याचे झाकून ठेवणे, सतर, हा आपल्याकडे फार मोठा गुण मानला आहे. जी वस्तू जपायला दिली तिचा धनी ती परत मागतो तेव्हा राखणदाराने इतिहासाचे महत्त्व सांगत बसू नये. आणि पुसणे हे जपण्याच्या विरुद्ध आहे असेही नाही. हजरत उस्मान (रजि.) यांनी प्रती करून घेतल्यावर मूळ पाने हजरत हफ्सा (रजि.) यांना परत केली, कारण ती त्यांच्याकडची होती, आणि इतर विखुरलेली पाने नष्ट करायला सांगितले, कारण ती राहिली असती तर घोळ राहिला असता. एकाच कामात जपणे, परत करणे आणि पुसणे अशा तिन्ही गोष्टी आहेत.

कुवेतच्या भावाचे दुःखही खोटे नव्हते. वडिलांच्या जनाजाला तो पोहोचू शकला नव्हता. त्याच्यासाठी वडिलांचे एकट्याचे असे सात फोटो निघाले. एकात अब्बा खुर्चीवर बसलेले आहेत आणि खुर्चीच्या पाठीवर मेंदीचा एक हात आलेला आहे. तो हात कापायचा का, असे भाच्याने फुफूला विचारले. ती म्हणाली, राहू दे.

दादीच्या बाबतीत मात्र निकाल इतका सोपा नव्हता. तिने उभ्या आयुष्यात, पासपोर्ट सोडून, फोटो काढू दिलेला नाही. महाडच्या नातवाने ती झोपलेली असताना काढलेला एक फोटो पेटीत आहे, हे तिला माहीत नाही. ती हयात आहे, तेव्हा तिला सांगा आणि ती म्हणेल ते करा, असे मी सुचवले. अजून कुणी सांगितलेले नाही. ती नाही म्हणेल हे सगळ्यांना ठाऊक आहे.

पुसण्याचे काम बोलण्याइतके सरळ नव्हते. पेटीतून फोटो गेले तरी कुवेतच्या डिस्कवर ते होतेच, कारण ती डिस्क वर्षातून एकदा, भाऊ सुट्टीवर येई तेव्हाच, पनवेलला येत असे. जे साधन हरवू देत नाही ते विसरूही देत नाही. भाच्याने वहीत तारीख लिहून फुफूची सही घेतली, आणि बकरी ईदला भाऊ आला तेव्हा तिच्यासमोर ती डिस्क पुसून नव्याने भरली. भाऊ काही बोलला नाही. त्याचे मत बदललेले नाही.

राहिला तो नऊ वर्षांचा मुलगा. आई आणि बाप एकत्र असलेले फोटो या जगात आता त्याच्यापुरतेच अर्थाचे आहेत. आज त्याला ते नकोत; एकोणीसाव्या वर्षी तो मागेल की नाही, हे त्याची आईही सांगू शकत नाही. ती सगळेच पुसायला निघाली होती. मी तिला एवढेच म्हटले की तुझ्या तसबिरीवर तुझा हक्क आहे, पण त्याच्या बापाच्या तसबिरीचा काही अंश त्याच्या वारशात मोडतो. तिने दोन दिवस विचार केला. चाळीस-बेचाळीस फोटो एका वेगळ्या फोल्डरमध्ये बंद केले गेले, त्याची किल्ली तिने स्वतः ठरवली आणि भाच्याला सांगितली नाही. दादीच्या कपाटातल्या लिफाफ्यात एक ओळ वाढवली: अशा नावाचा एक फोल्डर आहे, तो अमक्या मुलाचा आहे, तो सज्ञान झाल्यावर त्याच्या आईने किंवा तिच्यामागे तिने नेमलेल्या माणसाने त्याला विचारावे. आत काय आहे ते लिहिलेले नाही. किल्लीचा कागद तिने कुठे ठेवला आहे ते तिची एक मैत्रीण जाणते, आणि ती पनवेलची नाही.